देवाला पहाऱ्याला बसवलं नाही

शुक्रवार पेठेतल्या गोदावरीबाईंनी जन्मात एकच खोली बांधली, आणि तिचीही एक भिंत दोनदा घातली.

१९३४ चा मार्गशीर्ष. लेक दुधनीहून पहिल्या बाळंतपणाला यायची होती. घर दोन खोल्यांचं, म्हणून बोळाच्या अंगाला बाळंतिणीची खोली काढली. कौलं चढली आणि चौथ्या दिवशी म्युनिसिपालिटीची नोटीस आली : मंजूर नकाशा सोडून भिंत सव्वा हात बोळात आली आहे, पंधरा दिवसांत काढा, नाहीतर अख्खी खोली पाडू.

यजमान यज्ञेश्वरपंत शाळामास्तर. त्यांनी नोटीस घडी करून पंचांगात ठेवली, जणू तिथं ठेवल्यानं तिची मुदत टळणार होती.

गवंडी सोमलिंग मात्र हसला. “वयनी, कशापायी भ्येताय? भितीत कोनाडा पाडतो, शेंदूर फासून धोंडा बशिवतो. देवाच्या भितीला हात लावायची कुनाची छाती हाय?”

पंतांचा चेहरा उजळला. “बोलतोय खरं. पेठेत अशी दोन घरं उभी आहेत की!”

बाई सोमवारी सिद्धेश्वराचं दर्शन घेतल्याशिवाय पाणीसुद्धा पीत नसत. त्या म्हणाल्या, “अहो, चोरी आपण करायची आणि पहारा देवानं द्यायचा? मला नाही खपायचं.”

“मग पोरीला निजवणार कुठं? माजघरात, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या पायांत?”

हे मात्र वर्मी लागलं. बाज, शेगडी, न्हाण्याची मोरी सगळं मावावं म्हणून भिंत पुढे घ्यायला बाईंनीच सांगितलं होतं. पंतांना त्याचा पत्ताही नव्हता.

सकाळी बाईंनी दोरी घेऊन स्वतः बोळ मोजला. कचऱ्याची गाडी समोरच्या भिंतीला घासत जाताना पाहिली. मग पंतांना पाटावर बसवून उत्तर सांगितलं : भिंत मी पुढे घेतली, चूक माझी. हद्द आखून द्यावी. तेवढी भिंत आम्हीच मागे घेऊ, पण खोली राहू द्यावी.

“असं लिहून द्यायचं? लोक हसतील.”

“हसू द्या. तुम्ही लिहा.”

दोघं कचेरीत गेली. ओव्हरसियरनं कागद दोनदा वाचला. “बाई, नोटिशीला उत्तरच कुणी देत नाही. कबुली तर मी पहिल्यांदाच बघतोय.” दुसऱ्या दिवशी येऊन त्यानं चुन्याची रेघ मारून दिली. “खोली फार अरुंद होईल हं.”

“होऊ द्या. माझी लेक काही हत्तीण नाही.”

सोमलिंग कुरकुरला, “आपुनच बांधायचं, आपुनच पाडायचं. काय जमाना आलाय!”

“पाड की! आणि या खेपेला माझं ऐकू नकोस, दोरीचं ऐक.”

तेराव्या दिवशी भिंत रेघेच्या आत उभी राहिली आणि ओव्हरसियरनं नोटीस मागे घेतल्याचं लिहून दिलं.

पौषात लेक आली. मोरी मावली नव्हती, शेगडी बाजेच्या पायथ्याशी सरकली होती. तिनं दोन्ही हात पसरले, तर दोन्ही भिंती हाताला लागल्या.

“आई, ही खोली आहे का पेटी?”

“पेटी म्हण हवं तर,” बाई ताठ मानेनं म्हणाल्या, “पण आपल्या हद्दीतली आहे. हिला पाडायला कुणी यायचं नाही. नीज निवांत.”

आठव्या दिवशी त्याच खोलीत नात झाली.