रिसीव्हर खाली न ठेवता

बजाजनगरात आमची पत्र्याची एक खोली होती. आण्णा वाळूजच्या कारखान्यात लोखंडाला आकार देणारं लेथ मशीन चालवायचे, तेही ठेकेदाराच्या हाताखाली. काम नसलं की ते घरी बसत, आणि त्या आठवड्यात आईच्या डाळीत पाणी वाढे. घरी फोन नव्हता, तो समोरच्या काकूंकडं होता. लासूर स्टेशनहून मामांना आमच्याशी बोलायचं असलं की ते दोन रिंगा देऊन कापायचे. काकू दारातून हाक मारायच्या, आमच्यातलं कुणीतरी पळत जाऊन फोनपाशी बसायचं, मग मामा पुन्हा लावायचे. बोलावण्यात पैसे जायचे नाहीत. ही रीत आमच्या अंगात इतकी मुरली होती, की फोन असाच लावायचा असतो असंच मला वाटे.

मी आमच्या घराण्यातली पहिली पदवीधर. इंजिनिअर झाले, हे मी आजही ताठ मानेनं सांगते. नोकरी लागल्यावर कंपनीनं नव्या मशीनच्या ट्रेनिंगसाठी मला जर्मनीला पाठवायचं ठरवलं, आणि नेमकी त्याच उन्हाळ्यात धाकटी बहीण बारावीला गणितात नापास झाली.

तिला कन्नड गावाहून स्थळ आलं होतं. मुलगा बरा, घरी बागायत. आण्णांचं म्हणणं असं की एकीला शिकवलं, दुसरीला झेपत नाही तर कशाला ओढायचं. बहीण रडली असती तर मला चाललं असतं, पण तिनं पुस्तकं बांधून ठेवली. मी आण्णांकडून ऑक्टोबरच्या परीक्षेपर्यंत मुदत मागितली. तिला शिकवणार होते मी, जर्मनीतून, फोनवर. आण्णा नुसते हसले. हो मात्र म्हणाले नाहीत.

जर्मनीतल्या हॉटेलचं भाडं कंपनी भरायची, फोनचं बिल माझं मला भरायचं होतं. तिथल्या स्टेशनाजवळच्या दुकानातून मी कॉलिंग कार्ड आणलं. खोलीतल्या फोनवरून आधी कार्डाचा नंबर फिरवायचा, मग पिन, मग काकूंचा नंबर. संध्याकाळी कामावरून आले की दोन रिंगा देऊन मी रिसीव्हर ठेवायची. तिकडं बहीण काकूंकडं येऊन बसायची, मी पुन्हा लावायची. एखादं गणित अडलं की फोन ठेवून, ते कागदावर सोडवून, परत लावायची. समोरून उचलला नाही तर कार्डातून काही कटत नाही, हे मी पाहिलं होतं. आपण मोठी बचत करतोय, या खुशीत मी होते.

आठवड्यानं काउंटरवरच्या बाईंनी लांबलचक बिल पुढं केलं आणि माझ्या खोलीतला फोन बिघडलाय का, म्हणून विचारलं. मी एवढे तुकड्या-तुकड्यांचे कॉल केले होते, की तारेत दोष असावा असं त्यांना वाटलं होतं. कार्डातले पैसे वाचत होते, पण कार्डाचा नंबर फिरवला की हॉटेल दर वेळी आपला आकार लावत होतं. मामांची रीत इथं उलटी पडली होती. मी मोडक्यातोडक्या इंग्रजीत सगळं सांगितलं. बाई हसल्या, पण बिल बाजूला ठेवून त्यांनी माझं कार्ड हातात घेतलं आणि मागची बारीक अक्षरं वाचून दाखवली. एक बोलणं संपलं की रिसीव्हर ठेवायचाच नाही. फोनवरचं चौकटीचं, म्हणजे हॅशचं (#) बटण दाबायचं आणि पुढचा नंबर फिरवायचा. हॉटेलच्या हिशोबी तो एकच कॉल. त्यांना हे सांगायची काही गरज नव्हती, तोटा त्यांच्याच हॉटेलचा होता.

त्या दिवसापासून दोन रिंगा दिल्या की मी चौकट दाबायची, रिसीव्हर कानालाच ठेवून थोडं थांबायची आणि पुन्हा लावायची. कार्डाची मिनिटं मात्र पळत होती, म्हणून बहिणीला बजावलं की फोनवर विचार करायचा नाही. आधी सगळं सोडवून बघायचं, आणि जिथं गाडं अडतं तेवढीच ओळ मला वाचून दाखवायची. सुरुवातीला ती अख्खं गणित वाचायची. मग अर्धं. पुढं पुढं "थांब, मला कळलं" म्हणून मी तोंड उघडायच्या आतच पुढच्या गणिताकडं वळायची. तिला गणित मी शिकवलं असं लोक म्हणतात. खरं तर कुठं अडलंय ते आधी नीट शोधायची सवय तिला लागली, आणि ती लावली त्या पळत्या मिनिटांनी.

तिकडं काकू आमच्यासाठी त्यांच्या मालिकेचा आवाज बंद करून नुसती चित्रं बघत बसायच्या. बहिणीला चिडवायच्या, "तुझ्या गणितापायी माझी सासू-सून मुकी झाली गं."

एका संध्याकाळी फोनवर आण्णा आले.

"किती पैसे जाळतीस तिकडं?"

मी चौकटीच्या बटणाचं सांगितलं. त्यांनी ते पुन्हा एकदा विचारलं. मिनिटं पळत होती, तरी मी परत सांगितलं.

"म्हंजे लेथच्या चकात लोखंडाचा जॉब एकदा बांधला, की सगळी कामं करूनच सोडायचा," ते म्हणाले. "घडीघडी सोड-बांध केली, की वेळ बी जातो अन् माप बी चुकतं."

"व्हय आण्णा, तसंच."

"मग हिचं बी तसंच कर. बांधलाय तर पुरा करून सोड. कन्नडवाल्यांना मी न्हाई म्हणून कळवतो."

एवढं बोलून त्यांनी फोन बहिणीकडं दिला. तिनं कुठलीशी ओळ वाचायला घेतली, आणि तीच ओळ पुन्हा पुन्हा वाचत राहिली. त्या दिवशी मी मिनिटं पाहिली नाहीत.

काउंटरवरच्या त्या बाईंचं नावही मी विचारलं नाही. काकू आता थकल्यात. मी गेले की टीव्हीचा आवाज सवयीनं कमी करतात, आणि मी तो परत वाढवते. आण्णांनी शब्द पाळला. त्या दोघींचे आणि त्यांचे उपकार मी मानते.

बहीण ऑक्टोबरला गणितात पास झाली, आणि पुढं आमच्या घरातली दुसरी पदवीधर झाली.