शंभर दाण्यांतले शहाऐंशी

इंझोरीत सोयाबीनचं घरचं बियाणं पेरायचं, तर आधी पुंजाजींच्या ओसरीवर जायचं, ही आमच्याकडची रीत. कृषी खात्याची माणसं येतात, माहिती सांगतात, आम्ही माना डोलावतो आणि पुन्हा पुंजाजींकडेच जातो.

त्यांचं काम साधं. ओल्या गोणपाटावर दहा-दहा दाण्यांच्या दहा ओळी मांडायच्या, गोणपाट गुंडाळून सावलीत ठेवायचं, रोज पाणी शिंपडायचं. पाचव्या दिवशी उलगडून कोंब मोजायचे. सत्तरच्या वर निघाले तर बी पेरण्याजोगं. खाली निघाले तर "मार्केटात न्या" एवढंच बोलून पुंजाजी पुढच्याच्या गोणपाटाकडे वळत. सख्ख्या जावयालाही त्यांनी हेच ऐकवलं होतं. जावई दोन दिवाळ्या फिरकला नाही. सोयाबीनचं साल पातळ. मळणी यंत्र जोरात फिरवलं किंवा पोतं वरून आदळलं, की दाणा दिसायला धडधाकट दिसतो आणि आतून मेलेला असतो. हे ज्याला कळलं त्याला एकरी आठ पोती होतात, नाही कळलं त्याला चार, असं ते म्हणत. आमचा अनुभवही तसाच होता.

म्हातारा हट्टी मात्र भारी. डोळ्यांत मोतीबिंदू उतरला तरी कबूल करायला तयार नाही. विकास, त्यांचा मुलगा, वाशीमच्या दवाखान्यात चला म्हणून मागे लागला होता. "पेरनी होऊ दे, मंग पाहू," हे एकच उत्तर. मोजायला दुसऱ्या कुणाला बसवावं, तर तेही नाही. मी एकदा गोणपाटाला हात लावला तर मलाच हाकललं होतं.

यंदा जूनमध्ये शेजारच्या रुपाबाईचं बियाणं त्यांनी मोजलं. शहाऐंशी सांगितले. दोन एकरांवर पेरणी झाली, पाऊसही हवा तसा पडला. आठवडा उलटला तरी निम्म्या रानात काहीच नाही. चार रोपं दिसायची, मग हातभर मोकळी माती.

पुंजाजी कुणालाही न सांगता तिच्या शेतात गेले. माती उकरली, न उगवलेला दाणा काढला, डोळ्यांपुढे धरला. काही कळेना, म्हणून चिमटीत दाबला. दाण्यावरचं पांढरं बोटाला पुसून आलं. बुरशी होती ती, हे त्यांनीच मला नंतर सांगितलं. जिवंत कोंब असा पुसला जात नाही, तो बोटाला टोचतो. गोणपाटावरची पांढरी बुरशीच त्यांनी कोंब म्हणून मोजली होती. बराच वेळ ते बांधावर बसून होते, मी माझ्या शेतातून पाहत होतो. मला त्यांचा राग आला होता आणि कीवही येत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतःचं राखून ठेवलेलं बियाणं घेऊन ते रुपाबाईच्या रानात हजर झाले. मदतीला मीही गेलो. रुपाबाई आणि तिची लेक सपना आधीच नांगे भरत होत्या, म्हणजे रिकाम्या जागी हाताने एकेक दाणा टोकत होत्या.

"रुपाबाई, माही चूक झाली," पुंजाजी उभ्या उभ्याच म्हणाले. "मले दिसत नाही आता. म्या बुरशी मोजली."

"पावसानं दगा देल्ला असन, आबा."

"पावसाले कायले बदनाम करतं? बोल मले काय बोलायचं ते."

रुपाबाई खाली मान घालून टोकत राहिली. सपनाला मात्र राहवलं नाही. कंबर सरळ करत ती म्हणाली, "आबा, तुमी मोजून उठले, मंग म्या मोजले होते. अठ्ठेचाळीसच होते. आईले सांगतलंही तवाच."

पुंजाजी रुपाबाईकडे वळले. "पोरगी सांगून राह्यली होती, तरी काहून पेरलं?"

रुपाबाईने हातातला दाणा मातीत दाबला आणि पहिल्यांदा वर पाहिलं.

"तुमी शहाऐंशी म्हनले होते ना, आबा."