गुरुवारच्या नोंदींतले डॉक्टर

आमच्या सोसायटीच्या तळमजल्यावर डॉ. विश्वेश यांचा मनोविकारांचा दवाखाना आहे. 'आहे' असं लिहितानासुद्धा मी उठून खिडकीतून बघितलं, शटर वर आहे ना.

आमचे हे वारल्यावर मी डॉक्टरांची पेशंट झाले. ह्यांची नोकरी ओझरच्या विमान कारखान्यात, त्यामुळे माझा सगळा जन्म पहाटे उठून डबा करण्यात गेला. ते गेल्यावर मला उठावंसंच वाटेना. डॉक्टर म्हणाले, "काकू, रोज मनाला दहापैकी मार्क द्या आणि लिहून ठेवा. खरे द्या हं, तुमच्या कॉन्व्हेंट शाळेतल्यासारखे सढळ नकोत."

"आमच्या कॉन्व्हेंटमधल्या सिस्टर मार्क कमीच द्यायच्या, डॉक्टर."

ते चष्मा काढून हसले. मनापासून हसताना ते नेहमी चष्मा काढायचे. त्यांचे वडील ढुंढिराजगुरुजी रामकुंडावरचे तीर्थोपाध्याय. गावोगावच्या यजमानांच्या पिढ्या त्यांच्या वह्यांमध्ये उतरवलेल्या. डॉक्टर म्हणायचे, "बाबा लोकांच्या गेलेल्यांची नोंद ठेवतात, मी राहिलेल्यांची. आमची स्वतःची नोंद मात्र घरात कुणी ठेवत नाही."

मी आठव्या वर्षापासून डायरी लिहिते. दर गुरुवारी साडेचारला भेट झाली की माझ्या मार्कांखाली डॉक्टरांबद्दलही एखादी ओळ लिहायची. त्यामागे काही हेतू नव्हता. दिसलं ते लिहायचं, ही सवय.

१९ ऑक्टोबर २०२३ : डॉक्टरांचा डबा टेबलावर न उघडलेला.
२ नोव्हेंबर : माझ्या मुलाचं नाव पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा.
९ नोव्हेंबर : हसले. चष्मा काढला नाही.
१६ नोव्हेंबर : दिवाळीत एकही दिवस दवाखाना बंद ठेवला नाही म्हणे. लिहिताना हात थरथरत होता.

पुढच्या गुरुवारी, तेवीस नोव्हेंबरला, मी झोपेबद्दल सांगत होते. ते मध्येच म्हणाले, "देवळ्याची एक पेशंट होती माझी. नवरात्राच्या आधी तिनं जीव दिला."

"अरेरे," मी म्हटलं.

त्यांनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाले, "काकू, तुम्ही एवढं सगळं लिहिता. माझ्याबद्दलही लिहिता का हो?"

"छे! दुसऱ्यांबद्दल कशाला लिहीन मी?"

डॉक्टरांना, फादरना, मोठ्या माणसांना खासगी काही विचारू नये, असं आमच्या सिस्टर शिकवायच्या. आजवर मी तेच कारण स्वतःला देत आले. खरं कारण वेगळं आहे. ते काय विचारताहेत हे मला कळलं होतं. पण घड्याळात माझी बारा मिनिटं उरली होती आणि ती मला माझ्यासाठी हवी होती. मी पुन्हा माझ्या झोपेवर आले. त्यांनी गोळी लिहून दिली.

डिसेंबरात शटर खाली आलं. 'डॉक्टर बाहेरगावी गेले आहेत' असा कागद लागला. जानेवारीत त्यांची बायको आभा दवाखान्यातली पत्रं न्यायला आली, तेव्हा मी तिला चहाला वर बोलावलं.

"बाहेरगावी कुठले, काकू? घरीच आहेत. खोलीतून बाहेर येत नाहीत."

"अगं, मग दुसऱ्या डॉक्टरांना दाखव."

"ऐकतात का? म्हणतात, हा आळस आहे, आजार नाही. मी हजार पेशंट बघितलेत, मला शिकवू नकोस. सासरे म्हणतात, नुसतं ऐकून घ्यायचं काम, त्यात कसलं आलंय आजारपण?" तिनं कप खाली ठेवला. "परवा म्हणाले, त्या देवळ्याच्या पेशंटऐवजी मी गेलो असतो तर बरं झालं असतं. आणि कुणा डॉक्टरपुढे मी तरी काय सांगू? कधी सुरू झालं, तेच मला माहीत नाही. घरी तर हसत होते हो."

मला माहीत होतं. तारखांसकट.

ती गेल्यावर मी डॉक्टरांबद्दलच्या ओळी एका कोऱ्या कागदावर सुवाच्य अक्षरात उतरवल्या. तेवीस नोव्हेंबरची तेवढी गाळली. मग कागद वाचून बघितला आणि फाडून टाकला. दुसऱ्या दिवशी सकाळी डायरीच घेऊन इंदिरानगरला त्यांच्या घरी गेले.

दाढी वाढलेली, अंगावर शाल. मी खुणा घातलेली पानं त्यांनी एकेक करून वाचली. शेवटच्या पानावर लिहिलं होतं : 'डॉक्टरांनी विचारलं. मी खोटं बोलले. आजचे मार्क पाच.'

"म्हणजे तुम्हाला ऑक्टोबरातच दिसलं होतं."

"हो."

"आणि तुम्ही बोलला नाहीत."

"नाही."

'असू दे, काकू' म्हणतील असं मला वाटलं. दोन वर्षं त्यांनी माझी समजूतच तर घातली होती. त्या दिवशी ते तसं काही म्हणाले नाहीत, आणि ते बरोबरच होतं.

पहिल्या पानावर परत जाऊन ते आभाला म्हणाले, "जेवण नाही. विसर पडतोय. हात थरथरतोय. कुणी पेशंटचं हे सांगितलं असतं, तर मी त्याच दिवशी औषध सुरू केलं असतं." बराच वेळ बोट त्या तारखेवरच होतं. मग म्हणाले, "धवलला फोन लाव. उद्याची वेळ माग. ही डायरी बरोबर घे."

डॉ. धवल त्यांचे वर्गमित्र, तेही मनोविकारतज्ज्ञ. आता मीही त्यांच्याकडेच जाते. जूनपासून आमच्या खालचा दवाखाना आठवड्यातून तीन दिवस उघडतो. गुरुवारी बंद असतो.

काल फाटकापाशी डॉक्टर विश्वेश भेटले. "काकू, आज किती?"

"सहा. तुमचे?"

ते थांबले. हसले नाहीत, पण खोटंही बोलले नाहीत. "चार."

घरी येऊन मी तेवढं नव्या डायरीत लिहिलं. जुनी अजून त्यांच्याकडेच आहे. त्यांनी परत केली नाही, मी मागितली नाही.