फोटोवरून मुलूख सांगणारा मोजणीदार

"हेर हाय, साहेब, हेर! फौजेचे फोटो अन् नकाशे घेऊन बसून राहिलाय! आधी बेड्या घाला!"

हा ओरडा गावातल्या एका आडत्याचा. एवढा जबरदस्त, की ठाण्यासमोर उभ्या टँकरमधलं निम्मं पाणी दचकून सांडलं असावं. इतकी वर्षं झाली, तो अजून माझ्या कानातून निघालेला नाही.

लातूर जिल्हा नुकताच वेगळा झाला होता आणि मी उदगीरकडच्या एका ठाण्यात फौजदार होतो. वर्ष दुष्काळाचं. निम्मे शिपाई टँकरच्या रांगेवर बंदोबस्ताला, उरलेले नव्या कचेरीकडे दप्तरं नेणाऱ्या ट्रकांमागे. माझ्या वाट्याला एक जमादार आणि एक माठ; माठ कोरडा. त्यात हा हेर!

खबर आली की झडती घ्यावीच लागते. संशयित निघाला पासष्टीचा निवृत्त मोजणीदार, जमिनी मोजण्यात हयात घालवलेला. त्याच्या घरात जवानांचे अकरा फोटो, एक भिंग आणि दप्तरांच्या हलवाहलवीत रद्दीत निघालेला देशाचा भला मोठा नकाशा सापडला. नकाशावर लाल शाईच्या दहा फुल्या!

"काय चालवलंय हे, काका?"

"गावातली पोरं फौजेत हायत. पत्राच्या पत्त्यावर नुसता नंबर असतो, ठिकाणाचं नाव न्हाई. आया इचारतात, लेक कुठं हाय. मी फोटो बघून सांगतो."

"फोटो बघून?"

"बांध बघून शेत वळखावं तसं. हा बघा. मनगटावरच्या घड्याळात बारा वाजलेत अन् सावली माणसाहून लांब. म्हणजे लई उत्तरेला. घरांचे पत्रे उतरते, तिथं बर्फ पडत असणार. मागं दोन नद्या मिळून राहिल्यात. नकाशात त्या अंगाला असा संगम एकच हाय."

मला पुढ्यातला सायकलचोर सापडत नव्हता आणि हा माणूस ओसरीवर बसून हिमालयात पलटणी शोधत होता! वैतागून मी त्याला ठाण्यात आणून बसवलं आणि वर कळवलं.

तिसऱ्या दिवशी गुप्त शाखेचे एक साहेब जीपमधून उतरले. दहा फोटोंबद्दल मोजणीदार नळासारखा वाहिला. अकरावा पुढे आला आणि नळ बंद. फोटोत बर्फाचा डोंगर, पायथ्याला तळं, समोर ताठ उभा जवान.

"ही जागा कुठली? नकाशात हिची फुली का नाही?" साहेबांनी विचारलं.

मोजणीदार धोतराच्या सोग्यानं भिंग पुसू लागला.

"बोल, नाहीतर उरलेला जन्म आत काढशील!"

तरी गप्प. मी हात जोडले, टेबल आपटलं, शेवटी चहा पाजला. भिंत बोलली असती, पण तो बोलला नाही. साहेबांनी कागद ओढून कलमं लिहायला घेतली.

बाहेर ठाण्याच्या ओसरीवर त्या अकराव्या जवानाची आई सकाळपासून बसून होती. मी दारात दिसलो की उठायची. "फौजदारसाहेब, त्यांना सोडा हो. माझी पत्रं तेच वाचून दावतात. लेक सरहद्दीपासून लई आत हाय म्हणाले, तवापासून मला घास जातो."

एवढ्यात कपबशा उचलायला आलेला जमादार फोटोवर वाकला आणि माझ्या कानाशी पुटपुटला, "साहेब, ह्याच डोंगरापुढं माझा अन् बायकोचा फोटो हाय."

"तू कधी गेलास रे बर्फात?"

"बर्फात कशाला? देगलूरला. स्टुडिओतला पडदा हाय त्यो."

मी भिंग लावलं. शिखराच्या बरोबर मधून शिवण गेली होती! साहेबांनी भिंगातून एकदा पाहिलं, दुसऱ्यांदा पाहिलं, पेनाला टोपण लावलं आणि थेट जीपमध्ये जाऊन बसले.

जमादाराला देगलूरला पिटाळलं. 'जवान' स्टुडिओशेजारच्या हॉटेलात भजी तळत होता. भरतीत छाती दोन बोटं कमी भरली, घरी तोंड दाखवायची लाज वाटली, म्हणून स्टुडिओतला गणवेश चढवून फोटो पाठवला. मी त्याला असा दम भरला की झारा हातातून गळला. "आईला तुझं तू सांग," म्हणालो. त्यानं जाऊन सांगितलं. आधी चपलेचा मार मिळाला, मग भाकरी.

आडत्याचंही दुखणं कळलं. त्यानं चोरून सरकवलेला बांध याच मोजणीदारानं एके काळी मागे हटवला होता. तेव्हापासून खबर देणाऱ्याचं जुनं भांडण मी खबरेच्या आधी तपासू लागलो, आणि गप्प बसलेल्या माणसाला कलम लावायची घाई पुन्हा कधी केली नाही.

पण त्या माणसानं माझं डोकं फिरवलं ते फिरवलंच. आठवड्यानं फोटो परत द्यायला गेलो तेव्हा राहवलं नाही.

"काका, त्याच्या आईकडच्या पाकिटावर देगलूरचा शिक्का. डोंगराला शिवण. तुम्हाला दिसलंच नाही?"

"पहिल्याच दिवशी दिसलं."

"अहो, मग मुकाट्यानं तुरुंगात निघाला होतात? ठाण्यात सांगायला काय झालं होतं?"

"दार उघडं होतं, साहेब. तिला ऐकू गेलं असतं."