बुटकं गाजर गवत

माझं अक्षर वाकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ चुकणार. चौथीनंतर शाळा सुटली. वाचणारं कुणी नाही, तरी आधीच माफी मागून ठेवते.

खराडीतल्या एका सोसायटीत मी बागकाम करते. हिरवळीवर गवत कापायचं मशीन फिरलं की मागे उरलेलं गाजर गवत मी हातांनी उपटते. खाज सुटते म्हणून मुलाचे जुने मोजे हातात घालते. गावाकडे हे गवत कमरेएवढं व्हायचं. म्हणून वीतभर रोप दिसलं की आम्ही बायका ते पुढच्या पाळीला सोडायचो. इथेही मी तसंच करत होते.

पण हिरवळ काही साफ होईना. सेक्रेटरी साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, "मावशी, तुम्ही गवत काढता की पेरता?" चारचौघांत माझ्या तोंडून शब्द फुटत नाही. दिवाळीनंतर दुसरी बाई बघणार, असं वॉचमनकडून कळलं. घर माझ्याच पगारावर चालतं. त्या रात्री जेवण गेलं नाही.

चौथ्या मजल्यावरच्या मॅडम कॉलेजात झाडांचं शिकवतात. एकदा त्या माझ्याजवळ येऊन बसल्या.

"हे का सोडलंत?"

"लहान आहे अजून."

"मग ही फुलं कसली?"

पानाआड मिठाच्या खड्यांसारखी फुलं होती. मी कधी वाकून पाहिलंच नव्हतं.

पुढे त्यांनी त्या रोपांचं बी आणि नदीकाठच्या उंच गाजर गवताचं बी गॅलरीतल्या कुंड्यांत लावलं. माती तीच, पाणी तेवढंच. मग एके दिवशी साहेबांना आणि मला वर बोलावलं. नदीकाठचं गवत कठड्याच्या वर गेलं होतं. आमचं वीतभरच, पण फुलांनी भरलेलं.

"मशीन उंच झाडांची मुंडी उडवतं," मॅडम म्हणाल्या. "जी पात्याखाली फुलतात, त्यांचंच बी पडतं. वर्षात याच्या कितीतरी पिढ्या होतात. बुटकेपणा आता बियाण्यातच उतरलाय. मावशी, तुम्ही पोरं समजून सोडत होतात, त्या आज्या होत्या."

साहेबांनी वाकून बुटक्या रोपांची फुलं पाहिली. "म्हणजे पेरणी माझीच. मशीनची पाळी मीच ठरवतो."

मला हसू आलं, दोघांच्या समोर. छातीवरचा धोंडा उतरल्यासारखं वाटलं.

आता मशीन यायच्या आधी मी बुटकी रोपं मुळासकट काढते. दिवाळी होऊन गेली. दुसरी बाई आली नाही. साहेबांनी रबरी हातमोजे आणून दिले. "मुलाचे मोजे मुलाला द्या," म्हणाले.