बसा की गाडीवर

बायपासनंतर डॉक्टरांनी मला रोज अर्धा तास चालायला सांगितलं. आमच्या सुप्यासारख्या गावात ते काही जमेना. दोन-दोन मिनिटांनी कुणीतरी मोटारसायकल थांबवायचं, "बसा की, कुठं सोडू?" नको म्हटलं की माणसं नाराज व्हायची. मी वैतागून घरी परतायचो आणि अंगणातच येरझाऱ्या घालायचो.

एका सकाळी कंपनीतला जुना सोबती बऱ्याच महिन्यांनी भेटला. त्यानंही गाडी थांबवली. मी खेकसलो, "नाही बसायचं! ऑपरेशन झालंय माझं, चालायचंय मला!"

त्यानं गाडी स्टँडवर लावली आणि शर्टाची वरची बटणं काढली. छातीवर माझ्यासारखाच उभा व्रण होता.

"मलाबी चालाया सांगितलंय," तो म्हणाला. "पर एकट्याला लाज वाटती. लोक इचारत्यात, गाडी इकली का?"