उजवी पाकळी

हे मी आजवर कुणापाशी बोलले नाही. नवऱ्यापाशी नाही, तो आता नाही. मुलापाशी नाही. आणि जिला आधी सांगायला हवं होतं ती माझी धाकटी जाऊ, सुलोचना — ती आत्ता पडवीत सुपातले तांदूळ निवडते आहे. तिला तर नाहीच नाही. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही मला ओळखत नाही.

मी चौथी शिकलेली बाई. देव आहे की नाही हे माझ्यासारखीनं ठरवायचं नसतं. पण डोक्यातून जात नाही, त्याला काय करू?

आमच्या घरात याबद्दल प्रत्येकाचं वेगळं. नवरा म्हणायचा, देव आहे, सगळं बघतो आणि शिक्षा करतो. मुलगा कल्याणला नोकरीला जातो, तो म्हणतो, "आये, दगड हाय तो. तुमी शेंदूर फासला म्हणून देवी झाली." नात शहापूरला कॉलेजात आहे. ती म्हणते, आहे असंही म्हणता येत नाही, नाही असंही नाही, कळायला मार्गच नाही. सुनेची आई आटगावची, ती हसते — "असला तर असला गो, नसला तर नसला. दिवा लावायला काय जातंय? मनाला बरं वाटतं." आणि सुलोचना म्हणते, देवी बोलते. तिच्याशी बोलली आहे.

मी सगळ्यांचं गप ऐकते. माझं लक्ष एकाच गोष्टीकडे असतं — मी जे केलं ते यातल्या कुणाच्या देवात बसतं?

शेणव्याच्या पुढं आमचं गाव. धाकट्या दिराला शेतात साप चावला आणि सुलोचना ऐन वयात विधवा झाली. मूलबाळ नव्हतं. वर्ष सरल्यावर मुरबाडकडून तिच्यासाठी विचारणा आली. बायको वारलेला माणूस, पिठाची गिरणी होती, स्वभावानं बरा. आमच्यात विधवेचा पाट लावतात, त्यात वावगं काही नव्हतं. सासरे म्हणाले, गावदेवी हो म्हणाली तर देऊ.

कौल लावायची आमची रीत अशी. घरच्या थोरल्या सुनेनं उपाशी, ओलेत्यानं जायचं. देवीच्या ओल्या पाषाणावर झेंडूच्या दोन पाकळ्या लावायच्या, एक उजवीकडे, एक डावीकडे. उजवी आधी पडली तर हो. डावी पडली तर नाही. मग सगळ्यांनी बसून बघायचं.

थोरली सून मी.

सासू तेव्हा अंथरुणाला खिळलेली होती. तिला उचलणं, धुणं, भरवणं, वर दोन म्हशी, भाताची आवणी, कापणी — आम्ही दोघी होतो म्हणून निभत होतं. सुलोचना गेली की सगळं माझ्या एकटीच्या अंगावर. हे कारण मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगितलं. खोटं नाही ते. पण — तेवढंच होतं का?

ती त्या दिवसांत गाणं गुणगुणायची. शहापूरच्या बाजारातून तिनं हिरव्या बांगड्या आणून ठेवल्या होत्या, मला दाखवल्या. माझा नवरा माझ्याशी दिवसदिवस बोलायचा नाही. आणि हिला दुसऱ्यांदा सगळं मिळणार होतं. मला ते बघवलं नाही. हे खरं कारण.

सकाळी सासूला पेज भरवली. आंघोळ केली. निघताना पेजेतलं एक शीत नखाखाली धरलं. देवळात सगळ्यांकडे पाठ करून उजव्या पाकळीखाली ते चिरडलं आणि पाकळी दाबली.

डावी पडली. उजवी दुपारपर्यंत तशीच होती.

घरी आल्यावर सुलोचनानं बांगड्या माझ्या हातात दिल्या. "बाय, तुमी घाला. देवीचं मन नाय, तर माझं कशाला?" मी घातल्या. फुटेपर्यंत घातल्या.

आता सांगा, काय समजायचं? नवऱ्याचा देव खरा असेल तर त्यानं मला पाहिलं. मग शिक्षा कुठं आहे? मुलगा मिळवता आहे, डोळे शाबूत, गुडघेसुद्धा दुखत नाहीत. मुलाचं खरं असेल तर मी दगडाला फसवलं नाही, नुसतं एका बाईला फसवलं — आणि ते मला जास्त जड जातं, मध्ये कुणीच उरत नाही. नातीचं खरं असेल तर देवी नाही याची मला खात्री नव्हती, तरी मी ते केलं. मग मी कशी बाई? विहीणबाईंचं ऐकलं तर दिवा लावून मन बरं व्हायला हवं. रोज लावते. होत नाही.

सुलोचनाला कळलं तर ती काय म्हणेल तेही मला ठाऊक आहे. म्हणेल, तुमच्या हातून देवीनंच करवलं. म्हणजे मी सुटले. म्हणून तिचं मला मुळीच मानायचं नाही.

यंदा उन्हाळ्यात मुरबाडहून कुणी पाव्हणे आले, त्यांनी सांगितलं, तो गिरणीवाला गेला. दुसरी केली होती त्यानं, नातवंडं झाली, म्हातारा होऊन गेला. सुलोचना ऐकत होती. मग मला म्हणाली, "बघा. गेले असते त्यांच्या घरी, तर आज पुन्हा कपाळ पुसलं असतं. देवीला तवाच ठाव होतं."

आणि ती खरंच खूश होती. घर नाही, मूल नाही, सासूचं गूमूत काढण्यात उमर गेली — आणि ती देवीचे आभार मानत होती. माझ्या शिताचे.

तेव्हा सांगायचं होतं. तोंड उघडलं होतं मी. मग वाटलं, माणूस तर हिच्याकडून काढून घेतला, आता देवीही काढू? मग वाटलं, हा विचार माझ्याच सोयीचा आहे. दोन्ही खरं वाटतं. दोन्ही खोटं वाटतं.

मी म्हटलं, "चहा ठेवते."

दुसऱ्या दिवशी तिनं मला देवीपुढं नारळ ठेवायला नेलं. तिला वाकता येत नाही आता, म्हणून दंडाला मी धरलं होतं. ती पुटपुटत होती, माझंही नाव घेत होती. थोरल्या जावेला सुखी ठेव, असं काहीतरी. मी ऐकलं, आणि तिला सावकाश उभी करून घरी आणली.